साठ हजारांची इलेक्ट्रिक गिटार: बॉडी नंतर बघा, आधी फ्रेट बघा

प्रश्न चिपळूणहून आलाय. चार वर्षं सुरुवातीच्या स्वस्त गिटारवर हात बसवलेल्या एका मुलाला आता चांगली इलेक्ट्रिक घ्यायचीय. बजेट ६० हजार. यादीत स्क्वायर क्लासिक वाइब स्ट्रॅट (म्हणजे स्ट्रॅटोकास्टर), यामाहा पॅसिफिका, एपिफोन लेस पॉल, पीआरएस एसई आणि ओळखीतल्या कुणाकडची तरी वापरलेली मेक्सिकन फेंडर. तो विचारतो, या किमतीत बनावट खरंच सुधारते की नुसते नावाचे पैसे जातात? आणि जुनी गिटार विकून टाकू का?

बनावट सुधारते. पण कुठे सुधारते आणि कुठे नाही, ते माहितीपत्रक वाचून कळत नाही. मी गिटारी दुरुस्त करतो, त्यामुळे ३० हजारांपासून ९० हजारांपर्यंतच्या गिटारी उघडून आतून बघायला मिळतात. माझं मत असं की या पट्ट्यात लाकूडकाम जवळपास सगळ्यांचं चांगलं असतं. फरक पडतो तो शेवटच्या हातात. फ्रेट (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) घासणं, त्यांची टोकं गोल करणं, नटच्या (नेकच्या टोकाला तारा ज्यावर टेकतात त्या पट्टीच्या) खाचा कापणं, सेटअप म्हणजे शेवटची जुळवाजुळव करणं, ही कामं वेळ खातात, आणि कारखान्याला पैसे वाचवायचे असले की पहिली कात्री तिथेच लागते.

एकेकाळी स्वस्त गिटार म्हणजे पिळलेला नेक (मान), प्लायवूडची बॉडी आणि बाराव्या फ्रेटवर सूर न जुळणं, असंच गणित होतं. संगणकावर चालणारी राउटर यंत्रं कारखान्यांत आली आणि ते संपलं. फ्रेटच्या खाचा आता अचूक अंतरावर पडतात, नेक बॉडीच्या खोबणीत घट्ट बसतो, ब्रिजची (बॉडीवर तारा जिथे अडकतात त्या भागाची) भोकं जागच्या जागी असतात. इंडोनेशियातलं यंत्र आणि कॅलिफोर्नियातलं यंत्र लाकूड सारखंच कापतं.

स्वस्त देशातली गिटार मूळ कंपनीच्या तोडीची निघण्याचा प्रकार तसा जुनाच आहे. १९८२ साली फेंडरनं जपानी भागीदारांबरोबर फेंडर जपान काढली, कारण तिथले कारखाने त्यांच्याच जुन्या डिझाइनच्या नकला इतक्या सफाईनं करत होते की अमेरिकेतला माल त्यांच्यापुढे फिका पडू लागला होता. मात्सुमोतोच्या फुजिगेन कारखान्यात त्या गिटारी बनल्या आणि 'स्क्वायर' हे फेंडरच्याच स्वस्त ब्रँडचं नाव गिटारीवर आलं ते तेव्हापासून. आज तीच जागा इंडोनेशियानं घेतलीय. सुराबायाच्या कोर-टेक कारखान्यात, म्हणजे 'कोर्ट' या ब्रँडवाल्यांकडे, कोर्टच्या स्वतःच्या गिटारींबरोबर पीआरएस एसई बनतात आणि बऱ्याच स्क्वायरही. हेडस्टॉकवरचा, म्हणजे खुंट्या असतात त्या टोकावरचा, क्रमांक 'आयसीएस' या अक्षरांनी सुरू होत असेल तर ती कोर्टनं बनवलेली इंडोनेशियन स्क्वायर.

यावरून 'सगळं एकाच कारखान्यातून येतं, मग महाग कशाला घ्यायचं' असं म्हणणारे भेटतात. छप्पर एक असलं तरी हिशेब वेगळा असतो. कुठले ट्यूनर (तारा ताणायच्या खुंट्या) लावायचे, नट कसला, फ्रेटवर किती वेळ घालवायचा, तपासणीत किती गिटारी परत पाठवायच्या, हे ज्याचं नाव हेडस्टॉकवर लागतं तो ठरवतो आणि त्याचे पैसे मोजतो.

आता फ्रेट. इथे जरा थांबतो, कारण तुमच्या साठ हजारांचं काय होणार ते इथे ठरतं.

फ्रेट म्हणजे खाचेत दाबून बसवलेली धातूची तार. एकवीस-बावीस तारा ठोकल्या किंवा दाबल्या की त्या कधीच एका पातळीत नसतात. एखादा केसभर वर राहतो, एखादा कडेला नीट बसत नाही. म्हणून नेक सरळ करून सगळे फ्रेट लांब, सपाट कानशीनं एका पातळीत घासायचे. घासल्यावर त्यांचे माथे चपटे होतात, ते पुन्हा गोलाकार करायचे. मग बारीक होत जाणाऱ्या पॉलिश पेपरनं चकाकी आणायची आणि दोन्ही बाजूंची टोकं एकेक करून गोल करायची. नीट केलं तर एका नेकला काही तास लागतात. महागड्या गिटारींच्या काही कारखान्यांत हे काम प्लेक नावाचं जर्मन यंत्र करतं. तारा ताणलेल्या असतानाच ते नेक मोजतं आणि त्याच मापानुसार फ्रेट घासतं. मधल्या पट्ट्यात बहुतेकदा माणूसच असतो, आणि त्याला दिवसाचा कोटा असतो.

त्यामुळे एकाच मॉडेलच्या दोन गिटारी शेजारी ठेवल्या तर एकीचे फ्रेट उत्तम आणि दुसरीचा चौदावा फ्रेट उचललेला, असं सर्रास दिसतं. ऑनलाइन परीक्षणात कुणी 'फ्रेटवर्क अप्रतिम' म्हटलं, तर त्याच्या हातातल्या गिटारीचं होतं एवढाच त्याचा अर्थ.

दुकानात ही खोट लपते कशी तेही सांगतो. फ्रेट असमान असले की तार कुठेतरी घासते आणि बझ, म्हणजे खरखर, होतं. गिऱ्हाइकाला बझ ऐकू आलं तर तो गिटार खाली ठेवतो. म्हणून ब्रिजवरचे सॅडल वर चढवून ठेवलेले असतात. ॲक्शन (तारांची फ्रेटपासूनची उंची) उंच, बझ गायब, आणि तुम्हाला वाटतं गिटार छान आहे, फक्त 'थोडी कडक' आहे. उंच ॲक्शनवर कुठलीही गिटार साफ वाजते. तेव्हा दुकानदाराला ॲक्शन खाली आणायला सांगा. फ्रेटबोर्डची (नेकवरच्या फळीची) गोलाई, म्हणजे रेडियस, साडेनऊ इंची असलेल्या स्ट्रॅटला फेंडरचं स्वतःचं माप सतराव्या फ्रेटवर १.६ मिलिमीटर आहे. त्याच्या आसपास आणा, मग प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर एकेकदा वाजवा. कंटाळवाणं आहे, पण पाच मिनिटांचं काम. त्यानंतर पहिल्या दोन बारीक तारांवर दहाव्यापासून सतराव्या फ्रेटपर्यंत पूर्ण स्वराचे बेंड मारा, म्हणजे तार आडवी ओढून सूर चढवा. बेंड मारताना आवाज मध्येच गुदमरला, तर पुढे कुठला तरी फ्रेट उंच आहे. हे सगळं अँपला न जोडता करा. अँप चालू असला की कान टोनकडे जातो आणि नको ते माफ करतो.

त्याआधी नेकचा बाक बघून घ्या. पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावा, जाड तार शेवटच्या फ्रेटवर दाबा आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तारेखालची फट बघा. पाव मिलिमीटर पुरे, म्हणजे दहाच्या सेटमधल्या सगळ्यात बारीक तारेच्या जाडीएवढी. फट जास्त असली किंवा अजिबात नसली तरी घाबरू नका, ट्रस रॉड (नेकच्या आतली धातूची दांडी) फिरवून ती जुळते. फक्त दुकानातच फिरवून दाखवायला सांगा. रॉड एका टोकाला जाऊन अडकलेला असेल, किंवा जाड तारेकडची बाजू सरळ आणि बारीक तारेकडची वाकलेली असेल, म्हणजे नेकला पीळ असेल, तर ती गिटार सोडा. पिळलेला नेक कुणी स्वस्तात सरळ करून देत नाही.

नटचं थोडक्यात. तिसऱ्या फ्रेटवर तार दाबून पहिल्या फ्रेटवर बघा, तारेखाली नखाएवढी फट दिसत असेल तर खाच उथळ कापलीय. अशा गिटारवर ओपन कॉर्ड वाजवले की सूर चढतात आणि दोष ट्यूनरला जातो. ट्यून करताना नटपाशी 'टिंग' असा आवाज येत असेल तर तार खाचेत अडकतेय. कारखाने खाचा मुद्दाम उथळ ठेवतात, कारण खोल गेली की नट फुकट जातो. दुरुस्ती सोपी आणि स्वस्त आहे, त्यामुळे निव्वळ नटसाठी गिटार नाकारू नका.

हार्डवेअर आणि वायरिंगवर फार वेळ घालवू नका, ते बदलता येतं. मधल्या पट्ट्यात ट्रेमोलोचा (दांडीनं सूर हलवता येणाऱ्या ब्रिजचा) ब्लॉक बऱ्याचदा जस्ताच्या मिश्रधातूचा, पॉट (आवाज-टोनच्या बटणांखालचे भाग) लहान आकाराचे आणि स्विच बंद डबीतला असतो. आपल्या दमट हवेत पॉट खरखरतात ते कॉन्टॅक्ट क्लीनर मारून बरे होतात. पिकअप (तारांचं कंपन पकडणारा भाग) तर शेवटी बदलायची गोष्ट. आधी चांगला अँप घ्या. खराब अँपवर महागडा पिकअप ओळखू येत नाही. एक खास आपल्याकडची गोष्ट मात्र सांगायला हवी. सिंगल कॉइलची (एकाच गुंडाळीच्या पिकअपची) गिटार घरी नेल्यावर घूं घूं करते म्हणून परत आणणारे पुष्कळ असतात, आणि बऱ्याचदा दोष घराच्या अर्थिंगचा नाहीतर पंख्याच्या रेग्युलेटरचा निघतो. तारांना हात लावल्यावर घूं कमी झाली तर गिटारचं आतलं अर्थिंग शाबूत आहे. आतल्या पोकळीला तांब्याची चिकटपट्टी लावून घेतली की आणखी फरक पडतो.

लाकडावरून होणाऱ्या भांडणात मी पडत नाही. बासवूड की ऑल्डर यावर रात्ररात्र वाद घालणाऱ्यांना डोळे मिटून ओळखायला सांगावं. फ्रेटबोर्डच्या लाकडाचं मात्र आपल्याशी नातं आहे. जगभरच्या गिटारींवर जे इंडियन रोझवूड असतं ते आपलं शिसव. जानेवारी २०१७ मध्ये रोझवूडच्या सगळ्या जाती आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या बंधनात आल्या, तेव्हा फेंडरनं मेक्सिकन गिटारींवर पाउ फेरो हे दक्षिण अमेरिकेतलं लाकूड लावायला घेतलं. नोव्हेंबर २०१९ मध्ये तयार वाद्यांना सूट मिळाली आणि शिसव हळूहळू परतलं. २०२४ च्या प्लेयर टू मालिकेवर ते पुन्हा दिसतं. स्क्वायरवर जे इंडियन लॉरेल असतं, तो आपल्या सह्याद्रीतला ऐन. रंगानं फिकट आणि कोरडा दिसतो, पण वाजवायला त्यात काही कमी नाही. वर्षातून एक-दोनदा थोडं तेल लावत जा.

हवेचा मुद्दा चिपळूणकराला टाळता येणार नाही. कोरड्या हवेत फ्रेटबोर्ड रुंदीला आकसतो, धातू आकसत नाही, म्हणून फ्रेटची टोकं बाहेर येतात आणि हात फिरवताना बोचतात. हे नागपूरच्या उन्हाळ्यात किंवा चोवीस तास एसी चालणाऱ्या शोरूममध्ये जास्त दिसतं. मुंबईच्या दुकानात टोकं किंचित बोचली आणि बाकी सगळं ठीक असलं, तर कोकणात आल्यावर ती थोडी आत जातीलही. पण भरवसा त्यावर ठेवू नका, कानस मारूनच घ्या. तुमचा खरा त्रास पावसाळ्यात. ओल आलेल्या भिंतीवर गिटार टांगायची नाही. केसमध्ये सिलिका जेल ठेवा, वाजवून झालं की तारा पुसा आणि मान्सून सुरू झाल्यावर एकदा, दिवाळीनंतर एकदा नेकचा बाक तपासा. लाकूड हलणारच, तो बनावटीचा दोष नाही.

आता तुमच्या यादीकडे. इथे एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही, ती म्हणजे सगळी डिझाइन स्वस्तात सारखीच चांगली बनत नाहीत. लिओ फेंडरनं १९५० च्या सुमारास टेलिकास्टर काढली तीच मुळी कारखान्यात झटपट बनावी म्हणून. सपाट फळीची बॉडी, चार स्क्रूंनी आवळलेला नेक, हेडस्टॉकला मागे झुकाव नाही. १९५४ च्या स्ट्रॅटोकास्टरनं बॉडीला गोलाई दिली, पण नेक स्क्रूवरच ठेवला. लेस पॉलचं उलट आहे. वरचा पृष्ठभाग कोरलेला, नेक सरसानं चिकटवलेला, हेडस्टॉक मागे झुकलेला, कडेनं बाइंडिंग. प्रत्येक गोष्टीला हात लागतात. म्हणून साठ हजारांत बोल्ट-ऑन गिटारीत जेवढा पैसा फ्रेट आणि हार्डवेअरला उरतो, तेवढा लेस पॉल घराण्यात उरत नाही. शिवाय झुकलेलं हेडस्टॉक आणि त्याच्या मुळाशी ट्रस रॉडसाठी कोरलेली खोबण, यामुळे लेस पॉल आडवी पडली की मोडते ती तिथेच. दिवा पॅसेंजरच्या किंवा तुतारी एक्सप्रेसच्या गर्दीतून गिटार नेणाऱ्यानं हे ध्यानात ठेवावं. तो जाड, भरदार आवाजच हवा असेल तर एपिफोन घ्या. चिनी एपिफोन वाईट नसतात, फक्त हार्ड केसचे पैसे बजेटमध्ये धरा.

पीआरएस एसई बहुतेक चिकटवलेल्या नेकच्या असूनही सफाईनं बनतात. माझ्याकडे येणाऱ्या मधल्या किमतीच्या गिटारींमध्ये फ्रेटची टोकं सगळ्यात एकसारखी यांचीच दिसतात. एसई कस्टमवर दिसणारी ती सुंदर लहरेदार मेपलची नक्षी पातळ व्हेनियर असते, पैसे त्यासाठी मोजू नका. स्केल (नटपासून ब्रिजपर्यंत तारेची लांबी) बहुतेकांचं २५ इंची, म्हणजे फेंडरच्या २५.५ आणि मूळ लेस पॉलवाल्या गिब्सनच्या २४.७५ च्या मधलं. बेंड थोडे हलके जातात. तुमच्या बजेटमध्ये यांची साधी मॉडेल बसतील, नक्षीवाली कदाचित नाही.

क्लासिक वाइब मला आवडते आणि अनेक व्यावसायिक ती स्टेजवर बिनधास्त वाजवतात. हाडाचा नट आणि ॲल्निको चुंबकाचे पिकअप या किमतीला कौतुकास्पद. पण नेक गिटारगणिक बदलतो, म्हणून दुकानात दोन-तीन काढायला लावा आणि वर सांगितलेल्या तपासण्या करून त्यातली एक उचला. पहिलीच समोर आली म्हणून घेऊ नका.

यामाहा पॅसिफिका ११२ तुमच्या बजेटच्या बरीच खाली आहे, आणि नेमकं म्हणूनच तिचा विचार करा असं मी म्हणेन. ऑल्डरची बॉडी, ब्रिजपाशी हंबकर (दोन गुंडाळ्यांचा पिकअप) आणि ११२व्ही या प्रकारात तो अर्धा करून सिंगल कॉइलसारखा वाजवायची सोय. दिसायला अगदी साधी. यामाहाचा गुण असा की दहा पॅसिफिका उघडल्या तर दहाही जवळपास सारख्याच निघतात. उरलेल्या पैशांत फ्रेट लेव्हलिंग, हाडाचा नट आणि बरा अँप येतो. अशी पॅसिफिका बहुतेक वेळा कुणी हात न लावलेल्या दुप्पट किमतीच्या गिटारीपेक्षा हाताला सोपी जाते. तिच्याच घरातली ६१२ या मधल्या पट्ट्यातली मला सगळ्यात प्रामाणिक वाटणारी गिटार आहे. सेमूर डंकनचे पिकअप, विल्किन्सनचा ट्रेमोलो, ग्रोव्हरचे लॉकिंग ट्यूनर, म्हणजे लोक नंतर बदलतात ते सगळं आधीच बसवलेलं. साठात नवी मिळणं अवघड, पण वापरलेली दिसली तर सोडू नका.

राहिली मेक्सिकन फेंडर. एन्सेनाडाचा हा कारखाना १९८७ पासून चालू आहे. २०१८ मध्ये जुनी स्टँडर्ड मालिका गेली आणि प्लेयर आली. स्टँडर्ड स्ट्रॅटमधले सिरॅमिक चुंबकाचे पिकअप जाऊन ॲल्निको आले आणि २१ ऐवजी २२ फ्रेट झाले. म्हणून एकाच भावात दोन्ही मिळत असतील तर प्लेयर घ्या. प्लेयरचा क्रमांक 'एमएक्स' आणि पुढे वर्षाचे दोन आकडे असा हवा. क्रमांक छापणं नकली माल करणाऱ्यांनाही जमतं, तेव्हा शक्य असेल तर नेक उघडून खोबणीतले शिक्के बघा. विकणारा नेक उघडू देत नसेल तर घेऊ नका. वापरलेल्या गिटारीत फ्रेट किती उरलेत ते पहिल्यांदा बघायचं. पहिल्या तीन फ्रेटवर तारांखाली खड्डे पडलेत का? थोडे असतील तर घासून जातील. माथाच सपाट झाला असेल तर सगळे फ्रेट बदलावे लागतील आणि तो खर्च किमतीतून वजा करून बोला. ओरखडे, टवके, रंग उडालेला, याकडे दुर्लक्ष करा. त्यावरून भाव मात्र जरूर पाडा.

तुमच्या जागी मी असतो तर ५० ते ५५ हजारांत गिटार आणि उरलेलं सेटअपसाठी राखून ठेवलं असतं. प्लेयरचा नेक आणि फ्रेट वरच्या तपासण्यांतून पार पडले आणि भाव त्या आकड्यात बसला, तर ती. नाहीतर निवडून घेतलेली क्लासिक वाइब. हप्त्यानं घेत असाल तर पॅसिफिका ११२, म्हणजे अँपला पैसे उरतील.

जुनी गिटार विकू नका. स्वस्त गिटारला वापरलेल्या बाजारात किंमत येत नाही. त्यापेक्षा तिच्यावर ट्रस रॉड फिरवायला शिका, नटची खाच कापून बघा, एखादा फ्रेट घासा. बिघडली तर नुकसान थोडकं. चिपळुणात गिटार दुरुस्त करणारा शोधायला लागतो, आणि ॲक्शन पाव मिलिमीटर खाली करण्यासाठी दर पावसाळ्यात पुण्या-मुंबईची फेरी परवडणारी नाही. फीलर गेज, सहा इंची स्टीलची पट्टी आणि चांगल्या ॲलन की, एवढ्यावर सुरुवात होते.